पश्चिम घाटाची रेघ कोणी ओढायची?

पश्चिम घाटाच्या पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राची, म्हणजे जिथे खाणींसारख्या कामांवर बंधनं येतील अशा भागाची, सहावी मसुदा अधिसूचना केंद्राने 31 जुलै 2024 रोजी काढली. 56,800 चौरस किलोमीटरहून जास्त क्षेत्र, त्यातलं 17,340 महाराष्ट्रातलं, आणि हरकतींसाठी 60 दिवस. हे भिजत घोंगडं समजून घ्यायचं तर 2010 पर्यंत मागे जावं लागतं.

त्या वर्षी तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांची समिती नेमली. समिती घाटातली गावं फिरली, लोकांशी बोलली. ऑगस्ट 2011 मध्ये दिलेल्या अहवालात तिने घाट साधारण नऊ-नऊ किलोमीटरच्या चौकटींत मांडून त्याचे कमीअधिक संवेदनशील भाग पाडले. अशा एका चौकटीत काय काय येतं? देवराई, काजूची बाग, भाताची खाचरं, वाडीचा पाणवठा, कुठे चिऱ्याची खाण. यातलं काय जपायचं हे पुण्या-दिल्लीत बसून कळत नाही. म्हणून समितीने आपल्या सीमा तात्पुरत्या मानल्या, त्या ग्रामसभांपुढे ठेवा आणि मग पक्क्या करा असं सांगितलं. माझ्या मते त्या अहवालातली सगळ्यात धाडसी शिफारस हीच होती.

नेमकं तेच झालं नाही. अहवाल सरकारने दाबूनच ठेवला. माहितीच्या अधिकारात अर्ज झाला, केंद्रीय माहिती आयोगाने अहवाल खुला करायला सांगितलं, मंत्रालय दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि तिथेही हरलं. मे 2012 मध्ये अहवाल लोकांसमोर आला, तोही इंग्रजीत. ज्याच्या शेताबद्दल तो होता, त्याच्यापर्यंत त्याच्या भाषेत काही पोचायच्या आत ‘आता घरही बांधता येणार नाही’ ही अफवा पोचली. लोक भडकले यात त्यांचा दोष मला दिसत नाही. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

मग ऑगस्ट 2012 मध्ये अंतराळशास्त्रज्ञ कस्तुरीरंगन यांचा कार्यगट आला. त्याने उपग्रहाच्या चित्रांवरून नैसर्गिक आणि माणसाच्या वावरातला भूभाग वेगळा काढला. नैसर्गिक भूभागातला जीवसंपन्न, विरळ वस्तीचा भाग ज्या गावात 20 टक्के किंवा जास्त, ते गाव संवेदनशील. एप्रिल 2013 च्या त्या अहवालात घाटाचं सुमारे 37 टक्के क्षेत्र आलं. मोजणी नेटकी होती, पण नाव यादीत पडायच्या आधी गावाला तोंड उघडायला जागा नव्हती. गाडगीळांनी कस्तुरीरंगन यांना जाहीर पत्र लिहून नाराजी कळवली, ती मुख्यतः लोकांना निर्णयातून वगळण्याबद्दल. नोव्हेंबर 2013 मध्ये केंद्राने त्या अहवालावर आदेश काढताच केरळच्या इडुक्की-वायनाडमध्ये उग्र आंदोलन पेटलं.

‘लोकांना पर्यावरण नकोच असतं’ असं त्यानंतर सर्रास म्हटलं जाऊ लागलं. ते मला अजिबात पटत नाही. सिंधुदुर्गातल्या पंचवीसेक ग्रामसभांनी आम्हाला संवेदनशील क्षेत्रात घ्या असे ठराव केले होते, हे गाडगीळ पुन्हा पुन्हा सांगत. खाणींनी डोंगर पोखरलेले आणि झऱ्यांचं पाणी लाल झालेलं पाहिल्यावर कोकणातल्या माणसाला पर्यावरण शिकवावं लागत नाही.

सहाव्या मसुद्याच्या आदल्याच दिवशी, 30 जुलैच्या पहाटे, वायनाडमध्ये दरड कोसळून शेकडो माणसं गेली. पुणे जिल्ह्यातलं माळीण गाव 2014 मध्ये दरडीखाली गाडलं गेलं, तेव्हाही तारीख हीच होती.