आधी गोरिला, मग येऊरचं माकड

ठाण्यात आज पन्नाशीला आलेल्या माणसाने माकड पहिल्यांदा जवळून पाहिलं ते बहुधा गल्लीतच. गळ्यात दोरी, अंगात झबलं आणि डमरू वाजला की 'सासरी कशी जाशील' करून दाखवणारं. १९९८ मध्ये केंद्र सरकारने माकड, अस्वल, वाघ, बिबट्या आणि सिंह यांचे खेळ करण्यावर बंदी घातली, आणि माकडवाले हळूहळू दिसेनासे झाले. त्या खेळाने डोक्यात भरवलेलं माकड मात्र गेलं नाही. माकड म्हणजे गंमत, मर्कटचेष्टा, नाहीतर मारुतीचं रूप म्हणून शनिवारी चणे टाकायची जागा. शाळेत वानरवर्गाच्या संवर्धनाचा धडा शिकवायला उभं राहिलं की पहिली गाठ याच समजुतींशी पडते.

हा धडा शाळेतूनच द्यायचा, ही कल्पना आपल्याकडे बाहेरून आली. रवांडात १९७९ मध्ये पर्वतीय गोरिला वाचवण्याचा प्रकल्प सुरू झाला, तेव्हा तिथल्या जंगलाचा मोठा तुकडा पायरेथ्रम या कीटकनाशकासाठी लावल्या जाणाऱ्या फुलांच्या शेतीत गेला होता. पहारा आणि पर्यटन यांच्या जोडीला प्रकल्पाची माणसं शाळाशाळांतून बोलत फिरली. त्यांचा भर गोरिलाच्या गोंडसपणावर नव्हता. डोंगरावरचं जंगल गेलं तर खालच्या शेतांचं पाणी जाईल, एवढं ती समजावून सांगत. ठाण्या-मुंबईतल्या मुलाला हे सांगायला नकाशासुद्धा लागू नये. विहार आणि तुळशी हे तलाव संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातच आहेत आणि मुंबई त्यांचं पाणी आजही पिते.

ब्राझीलचं उदाहरण मला अधिक मोलाचं वाटतं. रिओ दि जानेरोजवळच्या किनारी जंगलात सोनेरी सिंह-टॅमरिन नावाचं खारीएवढं माकड राहतं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ते दोन-तीनशेच्या आसपास उरलं होतं. १९८३ पासून तिथे काम करणाऱ्यांनी आधी आसपासच्या लोकांना विचारून घेतलं, की या प्राण्याबद्दल तुम्हाला काय ठाऊक आहे, आणि त्या उत्तरांवरून धडे बेतले. उरलेलं बरंचसं जंगल खासगी मालकीचं होतं, त्यामुळे जमीनमालकांना पटवल्याशिवाय शाळेतल्या धड्यांचा काही उपयोग नव्हता. २००३ मध्ये या माकडाचा धोक्याचा दर्जा एक पायरी खाली, म्हणजे कमी धोक्याकडे आला आणि २०१४ पर्यंत संख्या ३,७०० च्या आसपास पोचली. पुढे पीतज्वराच्या साथीने मोठा फटका दिला, पण त्यातूनही ते सावरलं. आज ते ब्राझीलच्या २० रियालच्या नोटेवर आहे. चिंपांझींच्या अभ्यासक जेन गुडाल यांनी १९९१ मध्ये टांझानियातल्या दार-ए-सलाममध्ये १२ विद्यार्थ्यांसोबत सुरू केलेली 'रूट्स अँड शूट्स' ही मुलांची पर्यावरण चळवळही या प्रकल्पांच्याच काळातली.

आपल्याकडे माकडांची बाजू आधी घेतली ती कायद्याने. पोलिओच्या लशीसाठी आणि प्रयोगशाळांसाठी १९५० च्या दशकात भारतातून वर्षाला लाखावर ऱ्हीसस माकडं परदेशी जात होती. ती फक्त वैद्यकीय कामासाठी वापरायची अशी अट होती. अमेरिकेत त्यांच्यावर किरणोत्साराचे लष्करी प्रयोग झाल्याचं उघड झालं आणि मोरारजी देसाईंच्या सरकारने १९७८ मध्ये निर्यात बंद केली. त्याच सुमारास केरळात सायलेंट व्हॅलीच्या धरणावरून वाद पेटला होता. सिंहपुच्छी माकड त्या लढ्याचा चेहरा झालं, १९८३ मध्ये धरण बारगळलं आणि पुढच्या वर्षी राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा शाळांत सक्तीचा विषय करायला सांगितलं आणि २००१ पासून राष्ट्रीय हरित सेना, म्हणजे सरकारी योजनेतली पर्यावरण मंडळं, शाळांत आली. कागदोपत्री सगळं आलं, पण प्रकल्पवहीत चिकटवलेली चित्रं बहुतेक गोरिला आणि ओरांगउटानचीच राहिली. नवी मुंबईत ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रामुळे आणि पामबीच रस्त्यावरच्या पुतळ्यांमुळे निदान फ्लेमिंगो तरी घरचा झाला. येऊरच्या, म्हणजे याच राष्ट्रीय उद्यानाच्या ठाण्याकडच्या जंगलातल्या माकडाला असा कुणी वाली मिळाला नाही.

खरं तर येऊरला शिकवण्यासारखं भरपूर आहे. तोंड काळं आणि शेपटी अंगापेक्षाही लांब असेल तर ते वानर, म्हणजे लंगूर. डोक्यावरचे केस मधल्या भोवऱ्यापासून चहूकडे पसरलेले आणि शेपटी लांब असेल तर ते बॉनेट, आपलं साधं माकड. शेपटी आखूड आणि मागचा भाग तांबूस असेल तर ते ऱ्हीसस. हे उत्तरेकडचं माकड. पश्चिमेला त्याची हद्द एकेकाळी तापीपर्यंत मानली जायची. आता ते दक्षिणेकडे सरकत बॉनेटची जागा घेतंय. बॉनेट जगात फक्त भारतीय द्वीपकल्पात आहे. 'असतातच की सगळीकडे' म्हणून त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. म्हैसूरच्या बाजूला काही वर्षांच्या अंतराने पुन्हा गणना केली तेव्हा त्यांची संख्या निम्म्याहून अधिक घटलेली निघाली. एक मोठं कारण म्हणजे रस्ते रुंद करताना तोडलेले कडेचे वड-पिंपळ. २०२० मध्ये धोक्यातल्या प्राण्यांची जागतिक यादी ठेवणाऱ्या आययूसीएन या संस्थेने बॉनेटला असुरक्षित ठरवलं. घोडबंदर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गेल्या काही दशकांत काय झालं, ते ठाणेकरांना वेगळं सांगायला नको.

आणि खाऊ घालणं. चणे टाकले की माकड ते चावत बसत नाही. आधी गालांच्या पिशव्यांत कोंबतं. मग झाडावर जाऊन मनगटाच्या मागच्या बाजूने गाल दाबत एकेक दाणा तोंडात आणतं. मुलांना हे बघायला फार आवडतं. वानराला अशा पिशव्याच नसतात, आणि त्याचं पोट पानं आंबवून पचवायला बनलेलं, म्हणून ब्रेड-बिस्किटं त्याला बाधतात. रस्त्यावर बसून मिळणाऱ्या खाण्याची सवय लागली की टोळी जंगल सोडून गाड्यांपाशी येते, पिशव्या हिसकावते, एखाद्याला चावते, आणि मग 'माकडं पकडून न्या' अशी तक्रार त्याच सोसायटीतून होते.

सहलीच्या एका दिवसात याचा उलगडा होत नाही. येऊरच्या पाड्यांवरच्या वारली आणि महादेव कोळी मुलांना मात्र कुठल्या महिन्यात उंबर पिकतो, टोळी कुठे मुक्काम करते, हे चालता-बोलता कळलेलं असतं. त्यांच्या शाळा आणि वर्तकनगर-पोखरण भागातल्या शाळा यांच्यात फारतर काही किलोमीटरचं अंतर आहे, तरी शहरातली शाळा निसर्गावर बोलायला पाहुणा बोलावते तो लांबून आलेला स्लाइड-शोवालाच. ब्राझीलमध्ये निदान आधी स्थानिकांना विचारलं होतं.