पिल्लाला आधी घाई कळते, शत्रू नंतर : मीरकॅटच्या पहाऱ्यामागचा अभ्यास

मागच्या दोन पायांवर ताठ उभा राहून आभाळाकडे पाहणारा मीरकॅट टीव्हीमुळे घरोघरी पोहोचला. मुंगसाच्या कुळातला हा छोटा प्राणी दक्षिण आफ्रिका, बोट्स्वाना, नामिबिया इथल्या कोरड्या मुलखात कळपानं राहतो. कळप वाळू उकरून किडे-विंचू शोधतो तेव्हा प्रत्येकाचं डोकं खाली असतं. अशा वेळी एखादा झुडपावर चढून पहारा देतो.

हा पहारा उत्क्रांतीच्या अभ्यासकांना बराच काळ कोड्यात टाकत होता. पहारेकरी तेवढा वेळ खात नाही, शिवाय उघड्यावर बसल्यामुळे शिकाऱ्याच्या नजरेत आधी भरत असणार. मग तो हे काम का करतो? जीवशास्त्रज्ञ विल्यम हॅमिल्टन यांनी १९६४ साली, नातलगांमध्ये आपलीच काही जनुकं असल्यानं त्यांना मदत करण्यामागचं गणित मांडलं, आणि कळपात बहुतेक रक्ताचीच नाती असल्यानं तेच उत्तर इथंही सोयीचं वाटलं. पण ते तपासायचं तर रानातले मीरकॅट अगदी जवळून, वर्षानुवर्षं पाहायला हवे होते.

ती सोय १९९३ पासून झाली. केंब्रिज विद्यापीठाच्या टिम क्लटन-ब्रॉक यांनी दक्षिण आफ्रिकेच्या नॉर्दर्न केप प्रांतात, कुरुमान नदीच्या कोरड्या पात्रालगत दीर्घकाळचा प्रकल्प सुरू केला. तिथले मीरकॅट माणसाला इतके सरावले, की अभ्यासक मीटरभरावरून त्यांच्या मागे चालू लागले. उकडलेल्या अंड्याच्या चुऱ्यासाठी ते आपणहून वजनकाट्यावर चढतात. अंगावरच्या रंगाच्या ठिपक्यांवरून प्रत्येकाची ओळख पटते. त्यामुळे एकेका पिल्लाची जन्मापासूनची नोंद हाती आली. पुढचं सगळं ज्ञान या चिकाटीवर उभं आहे, म्हणून तिचं मोल मला फार वाटतं.

१९९९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या क्लटन-ब्रॉक यांच्या निबंधानं त्यागी पहारेकऱ्याची कल्पना मागे सारली. पहाऱ्याच्या पाळ्या ठरलेल्या नव्हत्या. ज्याचं पोट भरलेलं तो वर चढायचा. मुद्दाम जास्त खायला घातलेले मीरकॅट लवकर चढायचे आणि जास्त वेळ बसायचे. एकटे पडलेले मीरकॅटही पहारा द्यायचे. शिवाय पहारेकऱ्याला शिकारी आधी दिसतो आणि तो बिळाच्या जवळ असतो, त्यामुळे पहाऱ्यावर असताना कोणी मारला गेल्याचं दिसलं नाही. म्हणजे पोट भरल्यावर आधी स्वतःचा जीव सांभाळायचा, आणि त्यात बाकीच्यांचाही फायदा होतो. पिल्लं पहिल्या काही महिन्यांत पहाऱ्यावर जवळजवळ का दिसत नाहीत, याचंही उत्तर मला यातच दिसतं. वाढत्या अंगाचं पोट भरलेलं असतं कधी?

धोका दिसल्यावर प्राणी जे इशारे देतात, त्या आवाजांचा अभ्यास समांतर चालला होता. केनियातल्या अंबोसेली भागात रॉबर्ट सायफार्थ, डोरोथी चेनी आणि पीटर मार्लर यांनी १९८० साली दाखवलं होतं, की व्हर्वेट माकडं बिबळ्या, गरुड आणि साप यांच्यासाठी वेगवेगळे इशारे देतात. तिथली पिल्लं गरुडाचा इशारा निरुपद्रवी पक्ष्यांनाही देत. मार्टा मान्सर यांनी हाच प्रश्न कुरुमानला नेला. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामातून एक वेगळी गोष्ट पुढे आली : मीरकॅटच्या एकाच हाकेत दोन बातम्या असतात. शत्रू आभाळातला की जमिनीवरचा ही एक, आणि धोका किती जवळ आला आहे ही दुसरी. घाई वाढली की आवाज कर्कश होतो. सापासाठी तिसरीच हाक असते. ती ऐकली की पळण्याऐवजी सगळे शेपट्या उभारून गोळा होतात आणि सापाला घेरतात.

मग पिल्लू हे सगळं घेऊनच जन्मतं का? जन्मल्यावर सुमारे तीन आठवडे ते बिळात असतं, महिन्याचं झालं की कळपामागे फिरू लागतं आणि जवळपास तीन महिन्यांचं होईपर्यंत मोठ्यांकडे सतत चिरकत खाणं मागत राहतं. लिंडा होलेन आणि मान्सर यांनी अशा पिल्लांना ध्वनिमुद्रित इशारे ऐकवले. पिल्लं प्रतिसाद देत, पण कमी वेळा आणि उशिरा. जवळ कोणी मोठं असेल तर मात्र त्यांचं वागणं मोठ्यांसारखं होई. २००७ साली त्यांनी पिल्लांच्या स्वतःच्या हाका तपासल्या. त्या हाकांत घाई स्पष्ट होती. पण शत्रू कोणता, हे त्या आवाजावरून वेगळं काढता येत नव्हतं. तो फरक वयाबरोबर उमटत जातो.

मीरकॅटची पिल्लं निरुपद्रवी प्राणी पाहूनही इशारा देतात, हे होलेन आणि मान्सर यांच्याच पुढच्या कामात दिसलं. याला चूक म्हणायला मी तयार नाही. चिमुकल्या जिवाला गरुड न ओळखणं जितकं महागात पडेल, तितकं साध्या पक्ष्याला घाबरणं नक्कीच पडत नाही.

मोठे मीरकॅट पिल्लांना शिकवतात का, याचा भक्कम पुरावा मिळाला तो विंचवांच्या बाबतीत. अ‍ॅलेक्स थॉर्नटन आणि कॅथरिन मॅकऑलिफ यांनी २००६ साली दाखवलं, की मोठे लहान पिल्लांना मेलेला विंचू देतात, जरा मोठ्यांना नांगी तोडलेला आणि शेवटी जिवंत, धडधाकट. पिल्लाचं वय ते खाणं मागण्याच्या आवाजावरून ओळखतात : लहान पिल्लं असलेल्या कळपाजवळ मोठ्या पिल्लांचा आवाज वाजवला, तर जिवंत विंचू जास्त आणले गेले. इशाऱ्यांची शिकवणी अशी हातात आणून दिली जात नाही. तिथं पिल्लू शेजारच्या मोठ्याच्या अंगाअंगानं राहून शिकतं, आणि तोवर त्याच्या वाटची नजर मोठेच ठेवतात. पीटर सान्तेमा आणि क्लटन-ब्रॉक यांच्या २०१३ सालच्या निबंधानुसार कळपासोबत पिल्लं असली की मदतनीस मीरकॅट, म्हणजे दुसऱ्यांची पिल्लं सांभाळायला हातभार लावणारे, जास्त पहारा देतात आणि चरता चरता मागच्या पायांवर उभं राहून जास्त वेळा आजूबाजूला पाहतात.