खान्देशात मुलांसाठी निसर्ग गाणाऱ्यांची जुनी वाट

एखादा लेखक शाळेत डफ घेऊन येतो, सुगरण पक्ष्याची गोष्ट सांगता सांगता गाऊ लागतो आणि मुलं त्याच्या मागे ओळ धरतात. जळगाव-धुळ्याकडच्या शाळेत असा कार्यक्रम झाला की पाहुण्यांना तो नवा प्रयोग वाटतो. लिहिणारा वेगळा आणि गाणारा वेगळा, ही विभागणी आता आपल्या अंगवळणी पडली आहे. पण खान्देशात ती छापखान्याबरोबर आली. त्याआधी गाणं रचणारी बाईच ते गात होती, आणि गाण्यातलं झाड तिच्याच अंगणात उभं होतं.

या वाटेवर पहिलं नाव बहिणाबाई चौधरींचं. जन्म 24 ऑगस्ट 1880, जळगावजवळच्या आसोद्याचा. मृत्यू 3 डिसेंबर 1951, जळगावात. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात, चुलीपुढे त्या रचत आणि गात. मुलगा सोपानदेव आणि नातलगांनी जेवढं उतरून घेतलं तेवढं उरलं. आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ते 1952 मध्ये पुस्तकरूपाने आलं. म्हणजे पुस्तक निघालं तेव्हा गाणारी नव्हती. शब्द हाती आले, पण ज्या ओढीने त्या ओळी जात्यावर फिरत होत्या ती ओढ कागदावर उतरली नाही. पुढे 1961 च्या ‘मानिनी’ चित्रपटात काही रचना आल्या आणि बहुतेक घरांत तीच चाल बसली. ती गोड आहे, पण ती संगीतकाराने बांधलेली चाल आहे, हे मुलांना सांगायला हवं.

मूळ लय सापडते ती अक्षरं मोजली की. ‘अरे खोप्यामधी खोपा’ या ओळीत आठ अक्षरं आहेत, ‘सुगरणीचा चांगला’ या ओळीतही आठच. चार-चारच्या दोन टप्प्यांत म्हणायचं, प्रत्येक टप्प्याच्या पहिल्या अक्षरावर टाळी. इथे ऱ्हस्व-दीर्घाचा हिशेब नसतो. अक्षर छापताना लहान असलं तरी गाताना ओढून सारखं करतात. शाळेत ही कविता सपाट पाठ करून घेतली जाते, तेव्हा मुलं ऱ्हस्व अक्षरं भरभर उरकतात आणि दुसरी टाळी चुकते. त्यावर उपाय सोपा आहे. आधी शब्द न सांगता नुसत्या आठ अक्षरांवर दोन टाळ्या बसवाव्यात, मग शब्द द्यावेत.

बालकवींचं गणित याच्या उलट. त्र्यंबक बापूजी ठोंबरे, जन्म 13 ऑगस्ट 1890, धरणगाव. 1907 मध्ये जळगावला कविसंमेलन भरलं तेव्हा ते जेमतेम सतरा वर्षांचे होते. ‘बालकवी’ ही पदवी त्यांना तिथे मिळाली. पदवी वयाला उद्देशून होती. मुलांसाठी लिहिणारा कवी असा तिचा अर्थ पुढे लोकांनी लावला, आणि त्यांच्या उदास कविता मागे पडून ‘फुलराणी’, ‘श्रावणमास’ तेवढ्या पाठ्यपुस्तकांत राहिल्या. ‘फुलराणी’ची ओळ सोळा मात्रांची: ऱ्हस्वाला एक, दीर्घाला दोन. बहिणाबाईंच्या चालीवर ती ओढून म्हटली तर मोडते. आठ मात्रांच्या केरवा तालाची दोन आवर्तनं धरली की सुरळीत चालते. 5 मे 1918 रोजी भादलीजवळ रेल्वे अपघातात ते गेले. वय अठ्ठावीसही पूर्ण नव्हतं.

तिसरे साने गुरुजी. ते कोकणातले, पण 1924 ते 1930 अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते आणि तिथल्या छात्रालयातल्या मुलांमध्ये राहिले. ‘श्यामची आई’ त्यांनी 1933 च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिलं. त्या पुस्तकाचे भाग ‘रात्र पहिली’, ‘रात्र दुसरी’ असे पडतात, कारण ते संध्याकाळी मुलांपुढे बसून सांगितल्यासारखं लिहिलं आहे. आठवणी कोकणातल्या पालगडच्या, त्यांच्या गावच्या असल्या तरी सांगण्याची ही बैठक अमळनेरच्या छात्रालयात पक्की झाली, असं आम्हाला ठामपणे वाटतं. ‘स्त्री जीवन’मध्ये त्यांनी बायकांच्या ओव्या गोळा केल्या. एका प्रसिद्ध लेखकाने स्वतःचं लेखन बाजूला ठेवून दुसऱ्यांच्या तोंडचं उतरवून घ्यायला बसावं, याचं मोल फार मोठं आहे.

आज या वाटेने जाणाऱ्याला पहिली अडचण येते ती बोलीची. बहिणाबाईंची भाषा अहिराणी, असं सर्रास म्हटलं जातं. ती लेवा गणबोली, म्हणजे जळगावकडच्या लेवा समाजाची बोली आहे. ‘ळ’चा ‘य’ दोन्हीकडे होतो, डोळ्याचा डोया. पण ‘सुगरणीचा’ मधला ‘चा’ पाहा; अहिराणीत तिथे ‘ना-नी-नं’ येतं. या दोन बोली एकाच गाण्यात मिसळल्या तर गावातली आजी पहिल्याच ओळीला मान हलवते.

दुसरी चूक शुद्धलेखनाच्या हौसेने होते. समजा, मुलांसाठी अहिराणीत ‘अंगनमां निंब शे वो’ अशी ओळ बांधली. अक्षरं आठ. तिचं ‘अंगणात निंब आहे गं’ केलं की ‘शे’च्या एका अक्षराची दोन होतात, ओळ नवाची होते आणि टाळी घसरते. अर्थ द्यायचा तर पानाखाली द्यावा, ओळीला हात लावू नये. झाडांच्या नावांचंही तेच. निंबाच्या जागी गुलमोहर घातला की अक्षरं बदलतात, आणि चित्रही खोटं ठरतं.

मग प्रश्न येतो निसर्गाच्या खरेपणाचा. बहिणाबाईंच्या गाण्यात सुगरण पिलासाठी खोपा टांगते. प्रत्यक्षात विणकाम नर करतो. गवताची पाती उभी चिरून साधारण वीतभर ते दोन फुटांच्या धांदोट्या काढतो, गाठी मारत टोपासारखा अर्धा खोपा करतो, आत चिखलाचे गोळे लिंपतो. मादी येऊन पारखते. तिला पसंत पडला तरच तो खालची नळी पूर्ण करतो. नापसंत खोपे अर्धवट लोंबत राहतात. मुलांना हे अर्धे खोपे दाखवले तर ती कधी विसरत नाहीत. खोपे बहुधा बाभळीसारख्या काटेरी झाडावर, विहिरीच्या पाण्यावर झुकलेल्या फांदीला असतात, आणि बऱ्याचदा झाडाच्या पूर्व अंगाला, कारण पावसाचा मारा नैर्ऋत्येकडून येतो. म्हणून गाणं बदलायचं का? मुळीच नाही. गाणं आईपणाबद्दल आहे, ते आहे तसं गावं. पक्ष्याची हकीकत गाणं संपल्यावर स्वतंत्र सांगावी. दोन्हींची खिचडी केली की गाणंही जातं आणि माहितीही.

आजीकडून गाणी उतरवून घेताना तिला खुर्चीवर बसवून ‘म्हणा’ म्हणू नये. हाताला काम नसलं की लय सैल पडते, कडवी गळतात. जात्याचा नुसता खुंटा धरायला दिला किंवा पाळण्याची दोरी हाती दिली तरी फरक पडतो. दळणाची घरघर ध्वनिमुद्रणात शब्द खाते. जात्याखाली घडी घातलेली गोधडी टाकावी आणि माईक तिच्या तोंडाच्या बाजूला धरावा. गाव, प्रसंग आणि महिना त्याच दिवशी लिहून ठेवावा.

वाद्याची बाजू थोडक्यात. पावसाळ्यात डफाचं कातडं ओल धरून ढिलं पडतं. कागद किंवा पाचोळा पेटवून लांबूनच शेकावं, फार जवळ नेलं तर कडेला तडकतं. सूर मुलांचा धरावा. पुरुष गायक पेटीच्या काळी 1 या पट्टीला गातो तेव्हा मुलं पुटपुटतात; काळी 4 किंवा 5 ला तीच मोकळ्या गळ्याने गातात.

गाणी टिकली की विरली, यात शाळेच्या वेळापत्रकाचाही वाटा आहे. सुगरणीचे खोपे पावसाळ्यात होतात, तेव्हा शाळा भरलेली असते. गुलाबाई, म्हणजे खान्देशातला मुलींच्या गाण्यांचा सण, भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर चालते, म्हणून टिपऱ्या, खिरापत ओळखणं आणि एका कडव्याला दुसरं जोडत नेणारी तिची साखळीची गाणी शाळेच्या अंगणात सहज येतात. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, मात्र वैशाखात येते, परीक्षांच्या धांदलीत नाहीतर सुट्टीत. कैरीची, वाऱ्याची, माहेरच्या वाटेची तिची गाणी कोणत्याही तासाला बसत नाहीत. ती शिकायची तर त्याच दिवशी, निंबाला बांधलेल्या झोक्यावर, आजीच्या किंवा मावशीच्या शेजारी बसून.