किरणे कटांजनापाशी थांबली, तर दोष कोणाचा?

कोल्हापूरच्या पश्चिमाभिमुख अंबाबाई मंदिरात वर्षातल्या मोजक्या संध्याकाळी मावळत्या सूर्याची किरणे थेट मूर्तीपर्यंत पोहोचतात; हाच किरणोत्सव. त्याची बातमी कोल्हापूरकर टप्प्याटप्प्याने वाचतात. किरणे महाद्वारातून आत आली, गरुड मंडप ओलांडला, कासव चौक, पितळी उंबरा, चांदीचा उंबरा, कटांजन (मूर्तीपुढचा कठडा) आणि मग चरणस्पर्श. ९, १० आणि ११ नोव्हेंबर, तसेच ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी या तारखा इथे घराघरांत पाठ असतात. पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी छाती, तिसऱ्या दिवशी मुख, असा क्रम परंपरेने सांगितला जातो.

पण काही वर्षी किरणे कटांजनापाशीच विरतात. मग चर्चा सुरू होते. कोणी ढगांना दोष देतो, कोणी धुक्याला, धुराला, हवेतल्या बाष्पाला. कोणी महाद्वार रोडवरच्या वाढलेल्या मजल्यांकडे बोट दाखवतो. सूर्य चुकला, असे मात्र कोणीच म्हणत नाही. यावर एखादा चिकित्सक माणूस हमखास विचारतो: पोहोचली तर गणित बरोबर, नाही पोहोचली तर ढग आडवे आले, मग तुमचे गणित चुकणार तरी कधी?

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. तो साऱ्या विज्ञानालाच विचारता येतो, आणि विज्ञानाच्या तत्त्वज्ञानात गेली शंभराहून अधिक वर्षे त्यावर वाद चालू आहे.

आधी गणित पाहू. १० नोव्हेंबरच्या सुमारास सूर्य खगोलीय विषुववृत्ताच्या, म्हणजे पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वरून आकाशात जाणाऱ्या कल्पित रेषेच्या, साधारण १७ अंश दक्षिणेला असतो. तिथून २१-२२ डिसेंबरपर्यंत तो आणखी दक्षिणेला जातो, मग माघारी फिरतो आणि १ फेब्रुवारीच्या सुमारास पुन्हा त्याच १७ अंशांवर येतो. दोन्ही तारखा डिसेंबरमधल्या त्या टोकापासून जवळपास ४१ दिवसांवर, एक अलीकडे आणि एक पलीकडे. म्हणून किरणोत्सव वर्षातून दोनदा. कोल्हापूरचा अक्षांश १६.७ अंश, त्यावरून हिशेब केला तर या दिवसांत सूर्य नेमक्या पश्चिमेला न मावळता तिच्या सुमारे १८ अंश दक्षिणेला मावळतो. रोजचा फरक पाव अंशाहून थोडा जास्त, आणि सूर्यबिंबाची रुंदी अर्धा अंश. म्हणजे एका संध्याकाळपासून दुसऱ्या संध्याकाळपर्यंत सूर्य साधारण अर्ध्या बिंबाइतका सरकतो. इतक्या लांब, अरुंद वाटेने आत शिरायला त्यामुळे मोजकेच दिवस मिळतात. सूर्य खाली जाऊ लागला की किरणे आडवी होत आत सरकतात आणि मूर्तीवर वर चढतात. आपले बहुतेक सण तिथीने येतात, हा मात्र इंग्रजी तारखेने येतो, कारण यात चंद्राचा काही संबंधच नाही. हजार वर्षांत या तारखा बदलल्या असतील का, असेही विचारले जाते. पृथ्वीच्या आसाचा कल हजार वर्षांत सुमारे ०.१३ अंशाने कमी होतो. त्याने पडणारा फरक सूर्याच्या एका दिवसाच्या सरकण्याहूनही कमी आहे.

गणित इतके पक्के असूनही भाकीत फसते, कारण भाकीत एकट्या सूर्याचे नसते. वाट मोकळी आहे, हवा स्वच्छ आहे, गाभाऱ्याची दिशा आपण नीट मोजली आहे, ही सगळी गृहीतके त्यात मुकाट्याने धरलेली असतात. पिएर द्युएम या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने १९०६ मध्ये नेमके हेच मांडले: प्रयोग कधी एकाच गृहीतकाची परीक्षा घेत नाही, तो सगळ्या गठ्ठ्याची घेतो. निकाल उलटा आला तर गठ्ठ्यात काहीतरी चुकले आहे एवढेच कळते; काय चुकले ते प्रयोग सांगत नाही. तत्त्वज्ञ कार्ल पॉपरने १९३४ मध्ये खोटे ठरण्याची तयारी ही विज्ञानाची खूण मानली. ती खूण मला आजही महत्त्वाची वाटते, पण द्युएमची अडचण तिच्यापुढे उभीच राहते. शाळेच्या पुस्तकातली गृहीतक, प्रयोग, निष्कर्ष ही सरळ रेघ प्रत्यक्षात अशी सरळ जात नाही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण एकाच माणसाच्या, अर्बें ल व्हेरिए या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाच्या, आयुष्यात सापडते. विल्यम हर्शेलने १७८१ मध्ये युरेनस शोधला. पुढच्या काही दशकांत हा ग्रह न्यूटनच्या गणिताप्रमाणे चालत नाही असे दिसू लागले. न्यूटन चुकला म्हणायचे का? पॅरिसच्या ल व्हेरिएने तसे म्हटले नाही. पलीकडे न दिसलेला एखादा ग्रह युरेनसला ओढत असावा असे मानून त्याने त्या ग्रहाची जागा गणिताने काढली आणि बर्लिनला कळवली. (इंग्लंडमध्ये जॉन अ‍ॅडम्सही त्याच हिशेबात गुंतला होता.) २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिनच्या वेधशाळेत योहान गालेने दुर्बीण रोखली, आणि सांगितलेल्या जागेपासून एक अंशाच्याही आत नेपच्यून सापडला.

पुढे त्याच ल व्हेरिएने बुधाकडे मोर्चा वळवला. बुधाच्या कक्षेचा सूर्याजवळचा बिंदू जितका सरकायला हवा त्याहून किंचित जास्त सरकतो, हे त्याने १८५९ मध्ये दाखवले. शतकाला ३८ विकला, म्हणजे अंशाच्या जवळपास शंभराव्या भागाइतके. नंतरच्या मोजणीत हा आकडा ४३ विकला ठरला. पुन्हा तोच तर्क: सूर्य आणि बुध यांच्यामध्ये एखादा अज्ञात ग्रह असणार. त्याचे नावही ठरले, व्हल्कन. लेस्कार्बो नावाच्या एका खेड्यातल्या डॉक्टरने तो सूर्यबिंबावरून जाताना पाहिल्याचे सांगितले, तेव्हा त्याला सन्मानपदकही मिळाले. १८७८ च्या खग्रास ग्रहणात दोघा अमेरिकन निरीक्षकांनी तो दिसल्याचा दावा केला. पण पुढच्या ग्रहणांत तो कुणालाच सापडला नाही. अ‍ॅसफ हॉलने १८९४ मध्ये दुसरी वाट काढून पाहिली: गुरुत्वाकर्षण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते, त्यातला घातांक २ ऐवजी २.००००००१६ धरायचा. अखेर १९१५ च्या नोव्हेंबरात आइन्स्टाइनच्या नव्या सिद्धांतातून ते ४३ विकला कुठलाही अदृश्य ग्रह न मानता बाहेर आले. दोष या वेळी खरोखरच न्यूटनच्या नियमात होता.

माणूस तोच, तर्क तोच. एकदा यश, एकदा अपयश. म्हणून ‘अडथळा आहे’ असे म्हणणे अवैज्ञानिक आहे, असे सरसकट म्हणता येत नाही. त्या अडथळ्याचे पुढे काय केले, हे पाहावे लागते. नेपच्यूनची जागा आधी सांगितली होती, कोणीही जाऊन पाहू शकत होते. व्हल्कनही शोधता येत होता, आणि शोधला म्हणूनच तो नाही हे कळले. अडथळा मूळ भाकितापासून वेगळा तपासता आला पाहिजे. तपासताच येत नसेल तर ती पळवाट.

कोल्हापुरात ही तपासणी करता येते, आणि ती झालीही आहे. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक प्रकाशाची तीव्रता मोजणारे उपकरण घेऊन मंदिरात उभे राहतात. किरणांच्या वाटेची पाहणी होते, अडथळे नोंदले जातात. समजा, महाद्वारापाशीच प्रकाश क्षीण भरला, तर दोष हवेचा. सूर्य क्षितिजापासून दोन अंशांवर असताना त्याचा प्रकाश डोक्यावरच्या सूर्याच्या तुलनेत जवळपास २० पट हवेतून येतो, तेव्हा थोडे धुकेही पुरते. महाद्वारात प्रकाश भरपूर आणि आत मात्र नाही, तर दोष वाटेतल्या अडथळ्याचा किंवा आपल्या मोजमापाचा. अडथळा काढला, आकाश निरभ्र आहे, तरीही किरणे पोहोचली नाहीत, तर गणित पुन्हा मांडावे लागेल. त्या चिकित्सक माणसाला माझे हेच उत्तर आहे: गणित कधी चुकले म्हणायचे, ते असे आधीच सांगता येते.

पण त्याचा दुसरा प्रश्न याहून अवघड आहे. किरणे पोहोचली, तर नेमके काय सिद्ध झाले? प्राचीन स्थपतींनी हे मुद्दाम साधले, असे आपण लगेच म्हणतो. मलाही तसे मानायला आवडेल. मात्र कोल्हापूरच्या क्षितिजावर सूर्यास्ताची जागा वर्षभरात नेमक्या पश्चिमेच्या दोन्ही बाजूंना सुमारे साडेचोवीस अंश फिरते. या ४९ अंशांत कुठेही तोंड असलेल्या लांब, मोकळ्या वाटेत मावळता सूर्य वर्षातून दोनदा शिरणारच, बांधणाऱ्याच्या मनात असो वा नसो. किरणे येतात एवढ्यावरून हेतू ठरत नाही. त्याला निराळा पुरावा हवा. जिल्ह्यातल्या जुन्या पश्चिमाभिमुख मंदिरांच्या अक्षांच्या दिशा एकेक करून अचूक मोजाव्यात. त्या ४९ अंशांत कशाही विखुरलेल्या निघाल्या तर योगायोगाची बाजू बळकट होईल. ठरावीक तारखांच्या सूर्यास्ताभोवती गोळा झालेल्या निघाल्या तर स्थपतींची.