कॉमेट: दोन पौंडांत विकलेली दुकानांची साखळी

2012 च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनमधली 'कॉमेट' बुडाली, तेव्हा तिची 236 दुकाने होती. टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन घ्यायचे तर तिथे जायचे, असे दोन पिढ्यांच्या अंगवळणी पडलेले नाव.

सुरुवात मात्र बॅटऱ्यांची. 1933 मध्ये जॉर्ज हॉलिंगबेरी यांनी हल शहरात 'कॉमेट बॅटरी स्टोअर्स' काढले. तेव्हा कित्येक घरांतले रेडिओ काचेच्या भांड्यातल्या शिसे-आम्लाच्या बॅटरीवर चालत. ती उतरली की चार्ज करून आणावी लागे. कॉमेटची माणसे दर आठवड्याला घरोघर भरलेली बॅटरी देत आणि उतरलेली घेऊन जात. (आपल्याकडे रविवारच्या महाभारतासाठी ट्रॅक्टरची बॅटरी काढून टीव्हीला जोडणाऱ्या गावांना यात नवल वाटणार नाही.)

पुढे घरोघरी वीज आली आणि या फेऱ्यांचे काम संपत गेले. 1958 मध्ये सूत्रे मुलाकडे, मायकेल यांच्याकडे आली. खरी कलाटणी मिळाली ती एका कायद्याने. तोवर बहुतेक वस्तूंची किंमत कारखानदार ठरवी आणि दुकानदाराला त्याखाली विकता येत नसे. 1964 च्या कायद्याने ही प्रथा मोडीत काढली. 1968 मध्ये कॉमेटने हलमध्ये सवलतीचे गोदाम उघडले. सजावट नाही, काचेची शोकेस नाही. वर्तमानपत्रात बारीक अक्षरांत मॉडेल आणि भावांची यादी छापायची आणि खोकी विकायची. गिऱ्हाईक शोरूममध्ये वस्तू पाहून कॉमेटमध्ये घेई. चाळीस वर्षांनी इंटरनेटने कॉमेटवर नेमका हाच डाव उलटवला.

1984 मध्ये वूलवर्थ होल्डिंग्जने, म्हणजे पुढच्या किंगफिशरने, कॉमेट विकत घेतली. 2003 मध्ये ती 'केसा' या वेगळ्या कंपनीत गेली. टीव्हीवर नफा जेमतेम, कमाई वाढीव वॉरंटीवर, असा या धंद्याचा हिशेब. त्याच वर्षी ब्रिटनच्या स्पर्धा आयोगाने या वॉरंटीच्या बाजारावर बोट ठेवले. मग 2008 ची मंदी आली. घरांचे व्यवहार थंडावले आणि नव्या घरासोबत येणारी फ्रिजची खरेदीही थांबली. वर ॲमेझॉन आणि सुपरमार्केटे होतीच.

फेब्रुवारी 2012 मध्ये केसाने कॉमेट 'ऑपकॅपिटा' या गुंतवणूक कंपनीला विकली. किंमत 2 पौंड, आणि वर केसाकडूनच 5 कोटी पौंड! लेकीला हुंडा देऊन वाटेला लावावे, तसा सौदा.

शेवटचा घाव पुरवठादारांकडून बसला. असे दुकान उधारीवर चालते: माल आज येतो, पैसे नंतर जातात. ती उधारी बुडाली तर भरपाई देणाऱ्या विमा कंपन्यांनी हात आखडता घेतला आणि कारखाने रोख मागू लागले. दिवाळी-दसऱ्याला आपला दुकानदार माल भरतो तसा नाताळचा माल भरायचा, तर हाती रोकड नाही. 2 नोव्हेंबरला कंपनी प्रशासकांच्या, म्हणजे बुडत्या कंपनीचा कारभार आणि देणी पाहणाऱ्यांच्या, ताब्यात गेली, 18 डिसेंबरला उरलेल्या दुकानांची शटर पडली. सुमारे 7 हजार माणसे घरी बसली.

देणी वाटताना तारण धरून कर्ज दिलेली, नव्या मालकाच्याच गोटातली कंपनी रांगेत पुढे होती. कामगारांची कायदेशीर नुकसानभरपाई सरकारी तिजोरीतून गेली. कपातीपूर्वी त्यांच्याशी कायद्याप्रमाणे चर्चा झाली नव्हती, असा निकाल रोजगार न्यायाधिकरणाने 2014 मध्ये दिला. त्याचे पैसेही सरकारनेच भरले.