पाणलोट क्षेत्राचे स्वयंचलित मापन

पाणलोट क्षेत्रात पडणारा पाऊस, ओढ्यानाल्यांतून वाहून जाणारे पाणी म्हणजे अपधाव, जमिनीतील ओल आणि विहिरींची पातळी यांची यंत्रांनी सतत नोंद ठेवायची आणि त्या नोंदींवरून पाणी अडवण्याचे, जिरवण्याचे व वापरण्याचे निर्णय घ्यायचे, अशी ही पद्धत आहे. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा महाराष्ट्रात घरोघरी पोहोचली. किती अडले आणि किती जिरले हे मोजणे मात्र मागे राहिले. सलग समतल चर, सिमेंट नाला बांध, शेततळी यांची संख्या कामांच्या अहवालात मिळते. पाण्याचा हिशोब त्या संख्येवरून लागत नाही.

मोजणीची सुरुवात पावसापासून होते. साध्या पर्जन्यमापकाची नोंद रोज सकाळी साडेआठला घेतात, म्हणून २४ तासांचा एकच आकडा हाती येतो. ५० मिलिमीटर पाऊस दिवसभर रिमझिमला की तासाभरात कोसळला, हे त्यावरून कळत नाही. आणि माती वाहून जाते की पाणी मुरते, हे बरेचसे त्या फरकावरच ठरते. स्वयंचलित पर्जन्यमापकात नरसाळ्याखाली दोन कप्प्यांचे झुलते भांडे असते. ०.२ किंवा ०.५ मिलिमीटरइतका पाऊस साठला की भरलेला कप्पा कलंडून रिकामा होतो आणि ती वेळ टिपली जाते.

ओढ्यावर त्रिकोणी खाचेचा छोटा बांध घालून खाचेवरून वाहणाऱ्या पाण्याची उंची रडार किंवा दाबमापक संवेदकाने मोजतात आणि उंचीवरून विसर्ग काढतात. विसर्ग उंचीच्या साधारण अडीचव्या घाताच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे उंची १० टक्क्यांनी जास्त नोंदली गेली तर विसर्ग २५ टक्क्यांहून अधिक फुगतो. बांधामागे गाळ साचला, खाचेत काटक्या अडकल्या, की संवेदक बिनचूक असूनही विसर्गाचा आकडा चुकतो.

विहिरीत सोडलेला पातळी नोंदक पाण्याचा दाब मोजतो. त्या दाबात हवेचा दाबही मिसळलेला असल्यास तो वेगळा मोजून वजा करावा लागतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यातील निरीक्षण विहिरी प्रथेप्रमाणे वर्षातून चार वेळा, ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांत, मोजत आली आहे. स्वयंचलित नोंदकामुळे एखाद्या पावसानंतर पातळी किती दिवसांनी व किती चढली हेही दिसते. दख्खनच्या झिजलेल्या बेसॉल्ट खडकात पाणी धरून सोडणारी पोकळी सुमारे २ टक्केच असते. म्हणजे १० मिलिमीटर पाणी खाली पोहोचले तरी पातळी अर्धा मीटर वर येते. पण शेजारच्या बोअरवर मोटार चालू असेल, तर नोंदकाला दिसते ती उपशाची पातळी. म्हणून जागेची निवड यंत्राच्या निवडीइतकीच महत्त्वाची आहे.

या साऱ्यात विश्वासार्हतेचा प्रश्न सर्वांत मोठा आहे, आणि निधी मात्र बहुधा यंत्र बसवण्यासाठी असतो, सांभाळण्यासाठी नसतो. नरसाळ्यात पालापाचोळा अडकतो, कोळी जाळे विणतो, सौरपट्टीवर धूळ बसते, बॅटरी उतरते, सिमकार्डाला रेंज मिळत नाही. मुसळधार पावसात कप्पा कलंडत असतानाचे पाणी मोजायचे राहते आणि पाऊस कमी नोंदला जातो. बंद पडलेले यंत्र निदान लक्षात येते. अर्धवट तुंबलेले यंत्र रोज आकडे पाठवत राहते. खरा धोका त्याचाच. ५०० हेक्टरच्या गावात ५०० मिलिमीटर पावसाची नोंद १० टक्क्यांनी चुकली, तर पाण्याच्या ताळेबंदात २५ कोटी लिटरचा, म्हणजे २५० टीसीएमचा (हजार घनमीटरचा), फरक पडतो. म्हणून स्वयंचलित यंत्राशेजारी साधा पर्जन्यमापक ठेवणे, शेजारच्या केंद्रांशी आकडे ताडून पाहणे, पातळी अधूनमधून टेप सोडून तपासणे आणि संशयास्पद नोंद न खोडता तिच्यावर खूण करून मूळ आकडा जपणे आवश्यक असते. मोठ्या पुरानंतर ओढ्याचे पात्र बदलते, तेव्हा पातळी व विसर्ग यांचे कोष्टकही पुन्हा तयार करावे लागते.

कामाचा परिणाम ठरवण्यासाठी काम सुरू होण्याआधीच्या नोंदीही लागतात. अमेरिकेत कोवीटा येथे १९३४ पासून आणि हबर्ड ब्रुक येथे १९५० च्या दशकाच्या मध्यापासून लहान पाणलोटांच्या नोंदी ठेवल्या जात आहेत. हबर्ड ब्रुकमध्ये एका पाणलोटातील जंगल तोडून शेजारचे तसेच राखले. तोडलेल्या भागातून वाहणारे पाणी वाढले आणि त्यासोबत नायट्रेटही वाहून जाऊ लागले. तुलनेला शेजारचा पाणलोट नसता, तर एखाद्या जास्त पावसाच्या वर्षाचा दोष तोडीवर टाकता आला असता किंवा तोडीचा दोष पावसावर. आपल्याकडे पहिल्याच चांगल्या पावसाळ्यानंतर बांधांच्या यशाचे दावे होतात, तेव्हा हीच तुलना नसते.

महाराष्ट्रात जलविज्ञान प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात कृष्णा आणि भीमा खोऱ्यांत पाऊस व नदीपातळी तत्काळ कळवणारी स्वयंचलित केंद्रे उभारली गेली. पूर आणि धरणांतील विसर्ग यांच्या नियोजनासाठी ती वापरली जातात. ‘महावेध’ प्रकल्पात २०१७ पासून महसूल मंडळांच्या पातळीवर स्वयंचलित हवामान केंद्रे बसवली आहेत. मंडळात अनेक गावे येतात आणि वळवाचा पाऊस एका शिवारात पडून दुसरे कोरडे सोडतो, त्यामुळे गावाच्या ताळेबंदाला मंडळाचा आकडा पुरत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने पावसाच्या व विहिरींच्या नोंदी घेऊन ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला आणि त्यानुसार पिके ठरवली. तेथे बोअरच्या पाण्यावर शेती व उसाची लागवड यांना बंदी आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या अटल भूजल योजनेत महाराष्ट्रासह सात राज्यांतील निवडक ग्रामपंचायतींसाठी पर्जन्यमापक, पातळी नोंदक आणि जलअंदाजपत्रक यांची तरतूद झाली. राज्यांना मिळणाऱ्या प्रोत्साहन निधीचा काही भाग भूजलाची आकडेवारी लोकांसमोर खुली करण्याशी जोडला होता.