वीस मिनिटं, एक अळवाचं पान

घरात आजारपण असलं, मुलाची बारावी असली किंवा पगार लांबला की "कशातच मन रमत नाही" हे हमखास ऐकू येतं. त्यामागे शरीराची जुनी यंत्रणा आहे. धोका जाणवला की काही सेकंदांत अ‍ॅड्रेनलिन वाढतं आणि मागोमाग काही मिनिटांत कॉर्टिसॉल; दोन्ही ताणाची संप्रेरकं. लक्ष त्या धोक्यालाच चिकटतं, बाकीचं मेंदू गाळून टाकतो. दारातली अबोली फुललेली असते, पण तिची नोंदच होत नाही. अशा वेळी "चांगला विचार करा" म्हणून काही साधत नाही. विचार हुकमी बदलत नाहीत. नजर कुठे ठेवायची हे मात्र ठरवता येतं.

किती वेळ ठेवायची, याचंही मोजमाप झालं आहे. मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 36 शहरी माणसांना आठ आठवडे, आठवड्यातून किमान तीनदा, निदान दहा मिनिटं झाडापेडांच्या सान्निध्यात घालवायला सांगितलं. जागा ज्याची त्याने निवडायची, बसायचं की चालायचं तेही. अटी मोजक्या होत्या: दिवसाउजेडी जायचं, फोन, गप्पा आणि वाचन बंद, दमवणारा व्यायाम नको. आधी आणि नंतर लाळेतलं कॉर्टिसॉल तपासलं. ते सकाळपासून आपोआप उतरत जातं, तो हिशेब वजा केला. 20 ते 30 मिनिटांच्या टप्प्यात घट सगळ्यात वेगाने झाली. पुढेही ती होत राहिली, पण संथपणे. अभ्यास छोटा आहे, त्याला औषधाच्या मात्रेइतकं पक्कं धरू नये. तरी अर्धा तास पुरतो आणि त्यासाठी गोव्यातल्या मोलेच्या जंगलात जायची गरज नाही, एवढं त्यातून घेता येतं. घरचा बाल्कांव, म्हणजे दारापुढची बसायची ओसरी, आणि मागचा परस चालेल.

बघायचं काय? डोळे गुंततील पण डोकं शिणणार नाही असं काहीही. बातम्यांचा चॅनलही गुंतवतो, पण पिळून काढतो. पाणी, पानं, ढग यांचं तसं नसतं. गोव्याच्या पावसात परसातल्या अळवासारखी सोयीची वस्तू दुसरी नाही. पूर्ण उघडलेलं, पण जून न झालेलं पान निवडावं. जुन्या पानावरचं मेण झिजलेलं असतं. निवडलेल्या पानावर पाण्याचा थेंब सोडला तर तो पसरत नाही, गोळी होऊन धावतो. पानावर डोळ्यांना न दिसणारे उंचवटे असतात आणि त्यांवर मेणाचे बारीक कण. थेंब या टोकांवरच टेकतो, खालच्या फटींत हवा अडकून राहते. जवळून पाहिलं तर थेंबाखालच्या शिरा मोठ्या दिसतात, कारण थेंब भिंगाचं काम करतो. आता पान बादलीभर पाण्यात बुडवून तिरक्या नजरेने बघावं: हिरवं पान चंदेरी दिसतं. तिरका प्रकाश त्या हवेच्या थरावरून पूर्णपणे परावर्तित होतो. बाहेर काढलं की पान कोरडं.

हे बिघडतं ते दोन कारणांनी. बोटाने चोळलं की मेण निघून जातं आणि तिथे थेंब पसरतो. बादलीत साबणाचा अंश असला तरी तेच. पाण्याचा पृष्ठताण कमी होऊन ते फटींत शिरतं. आणि देठ उघड्या हाताने मोडू नये, चिकात कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया असतात, खाज सुटते. संध्याकाळी बसणार असाल तर डासांचं मलम लावूनच बसा, नाहीतर सौंदर्यदृष्टी पाच मिनिटांत संपते.

नाकालाही काम द्यावं. पहिल्या पावसाच्या वासातला मातकट भाग जिओस्मिनचा. मातीतले स्ट्रेप्टोमायसिस जिवाणू ते बनवतात. थेंब सच्छिद्र पृष्ठभागावर आदळला की खाली अडकलेली हवा बुडबुड्यांतून वर येऊन फुटते आणि सूक्ष्म तुषार उडतात, हे एमआयटीच्या संशोधकांनी 2015 मध्ये वेगवान कॅमेऱ्याने टिपलं. वास या तुषारांवरून पसरतो असं मानतात. हलक्या-मध्यम सरींत तुषार जास्त, मुसळधार पावसात कमी. म्हणून वास हवा तर सर सुरू होतानाच बाहेर यावं. नाक काही मिनिटांत त्या वासाला सरावतं. वास गेला असं वाटलं तर जरा आत जाऊन परत यावं.

फोटोचं काय? 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका संग्रहालयातल्या प्रयोगात ज्या वस्तूंचे फोटो काढले, त्या लोकांना नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. मात्र वस्तूचा एखादा भाग झूम करून टिपला तेव्हा हा तोटा दिसला नाही. तेव्हा फोटो काढायचाच तर अख्ख्या परसाचा नको, एका थेंबाचा काढावा, तोही उठताना.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे दर दोन मिनिटांनी "बरं वाटतंय का?" हे तपासणं. संगीत ऐकवून केलेल्या 2003 च्या एका प्रयोगात, आनंदी व्हायचा प्रयत्न करा असं ज्यांना सांगितलं होतं, त्यांना नुसतं ऐकणाऱ्यांपेक्षा कमी बरं वाटलं. काम पानाला द्यावं, मनाला नाही: थेंब कुठून सुटला, कुठे अडला, कुठे दुसऱ्यात मिसळला.

याची मर्यादाही स्पष्ट आहे. कर्जाचा हप्ता यातून फिटत नाही. आणि पूर्वी आवडणाऱ्या कशातच दोन आठवडे सलग गोडी वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर ते नैराश्याचं लक्षण असू शकतं. तिथे पान बघत बसू नये. 14416 हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत. प्रत्यक्ष भेटायचं तर गोव्यात बांबोळीला मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्था आहे.